बँकेचे दफ्तर: कागद, साक्ष आणि साठवण

वित्तसंस्थेच्या दफ्तरात दोन तऱ्हेचे कागद असतात. काहींचे रोजचे काम अजून चालू असते: खात्यांची पाने, सह्यांचे नमुने, कर्जाचे करारनामे. बाकीच्यांचे काम संपलेले असते, पण उद्या कोणी विचारले तर ते काढून दाखवावे लागतात. दफ्तराचा सगळा प्रश्न या दुसऱ्या ढिगाचा आहे. तो दरवर्षी वाढतो, जागा अडवतो, वाळवीला आमंत्रण देतो आणि त्यातल्या बहुतेक कागदांना पुन्हा कधी हात लागत नाही. ज्या एखाद्याला लागतो, तो वेळेवर सापडला नाही तर संस्थेची बाजू न्यायालयात लंगडी पडते. त्यामुळे भारतातल्या पेढ्या, बँका आणि विमा संस्था यांनी दफ्तराची साठवण जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा त्यांची एक नजर नव्या साधनावर आणि दुसरी साक्षीच्या कायद्यावर होती. साधने अनेकदा आधी आली; कायद्याने त्यांना ओळख दिली तेव्हाच जुनी कपाटे हलली.

मराठी मुलखात हिशेबी दफ्तराची परंपरा बँकांच्या फार आधीची आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात कामाची वाटणी ठरलेली असे. एकबेरीज दफ्तर पुण्यात होते. इतर खात्यांचे हिशेब तेथे येत, त्यांची वर्गवारी होई आणि जमाखर्चाचे तर्जुमे व खतावण्या तयार होत. चालू वर्षाचे व्यवहार चालत्या दफ्तरात राहत. कागद हातकामाचा, बहुधा जुन्नर किंवा दौलताबादकडचा, लिपी मोडी. एका विषयाचे कागद चौकोनी कापडात बांधून त्याचा रुमाल करीत. कापडाचा फायदा असा की त्यातून हवा खेळते आणि धूळ अडते. तोटा असा की आत काय आहे ते सोडल्याशिवाय कळत नाही. नाना फडणिसांच्या काळात हे दफ्तर शिस्तीत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याची हेळसांड झाली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर हे कागद निरुपयोगी ठरायला हवे होते. तसे झाले नाही, कारण नव्या सरकारला जमिनीचे दावे निकालात काढायचे होते. १८५२ पासून इनाम कमिशनने इनामदारांकडच्या सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा त्या खऱ्या की बनावट हे ठरवण्यासाठी जुन्या दफ्तरातल्या नोंदीच हाताशी होत्या. ज्याच्या इनामाची नोंद दफ्तरात मिळाली त्याची बाजू भक्कम झाली, ज्याची मिळाली नाही तो अडचणीत आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात या रुमालांसाठी दगडी इमारत उभी राहिली. त्यांतला इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोहोचला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले तेव्हा. म्हणजे दफ्तर जपले गेले ते महसुलाच्या भांडणांसाठी. इतिहासाला त्याचा लाभ ओघाने मिळाला.

सावकारी पेढ्यांची तऱ्हा साधी होती. रोजकीर्दीत दिवसाचा जमाखर्च तारीखवार उतरवायचा आणि तोच खतावणीत माणसांच्या नावांखाली वाटायचा. वह्या लांबट, मधोमध शिवलेल्या, वर लाल खारव्याचे कव्हर. दिवाळीत नव्या वहीची पूजा झाली की जुनी वही माळ्यावर किंवा पेटाऱ्यात जाई. ती फेकून देण्याचा प्रश्नच नसे, कारण जुनी बाकी नातवाच्या काळातही निघू शके.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने या वह्यांना न्यायालयात जागा दिली, पण हात राखून. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद ग्राह्य धरली जाईल, मात्र केवळ त्या नोंदीच्या जोरावर कोणावर देणे लादता येणार नाही, असे ते कलम म्हणत होते. मग ‘वही’ कशाला म्हणायचे हा वाद आलाच. १९१४ मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांच्या न्यायालयाने असा निर्वाळा दिला की कायम एकत्र राहावीत या हेतूने बांधलेली पाने म्हणजे वही. सुटी पाने म्हणजे वही नव्हे. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हवाला प्रकरणातील डायऱ्यांचा निकाल देताना याच मताचा आधार घेतला. स्पायरल वह्या ‘वही’ ठरल्या, फायलीतले सुटे कागद ठरले नाहीत. तारेच्या स्पायरलमधून पान काढणे किती सोपे असते हे पाहता या निकालाने शिवणीचा मान जरा जास्तच राखला असे म्हणावे लागेल. पण त्यामागची जुनी समजूत स्पष्ट आहे: पान गुपचूप काढता किंवा घालता येऊ नये, यासाठी हिशेब बांधलेला हवा. बँकांच्या जाडजूड लेजरांचा, त्यांच्या छापील पृष्ठांकांचा आणि खाडाखोडीवरच्या बंदीचा उगम याच समजुतीत आहे.

इंग्रजी धर्तीच्या बँका आल्यावर कागद अनेक पटींनी वाढला. बँक ऑफ बंगालला १८०९ मध्ये, बँक ऑफ बॉम्बेला १८४० मध्ये आणि बँक ऑफ मद्रासला १८४३ मध्ये सुरुवात झाली. यातली मुंबईची बँक १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत वाहवत गेली. शेअरांच्या तारणावर आणि नुसत्या शब्दावर तिने भरमसाट कर्जे दिली. १८६५ मध्ये बाजार कोसळला, १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बुडालेल्या बँकेच्या कारभाराचा छडा तिच्याच कागदांतून लावायचा असतो, हे मुंबईच्या व्यापारी जगाने तेव्हा जवळून पाहिले.

त्या काळातली दुसरी अडचण रोजची होती. कोणत्याही दाव्यात बँकेच्या खात्याचा संबंध आला की न्यायालय मूळ लेजर हजर करायला सांगे. ते लेजर चालू असे. त्यात शेकडो इतर खातेदारांची पाने असत. कारकून लेजर बगलेत मारून कोर्टात जाऊन बसला की बँकेच्या काउंटरवरचे काम खोळंबे आणि परक्यांचे व्यवहार उघड्यावर पडत ते वेगळेच. इंग्लंडने यावर १८७९ मध्ये कायदा केला होता. त्या धर्तीवर भारतात १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट आला. बँकेच्या पुस्तकातील नोंदीची रीतसर दाखला दिलेली नक्कल मूळ नोंदीइतकीच प्रथमदर्शनी पुरावा मानली जाईल, आणि बँक स्वतः दाव्यात पक्षकार नसेल तर न्यायाधीशाच्या विशेष हुकमाशिवाय तिच्या अधिकाऱ्याला मूळ पुस्तक आणायला भाग पाडता येणार नाही, अशी ही तरतूद होती. नकलेवर लिहायचा दाखलाही कायद्याने ठरवून दिला: नोंद बँकेच्या नेहमीच्या पुस्तकातली आहे, ती कामाच्या नेहमीच्या ओघात झाली आहे आणि ते पुस्तक अजून बँकेच्या ताब्यात आहे. मूळ पुस्तक बँकेच्या ताब्यात ‘आहे’ असे लिहून द्यायचे तर ते खरोखर असायला हवे, आणि मागितल्यावर मिळायलाही हवे. रेकॉर्ड रूम नावाची खोली बँकेत अपरिहार्य झाली त्यामागे या दाखल्याचा वाटा मोठा आहे.

१९२१ मध्ये तिन्ही इलाखा बँका मिळून इंपीरियल बँक झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक झाली. मधल्या काळात १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली; तिचे मध्यवर्ती कार्यालय आधी कलकत्त्याला होते, ते १९३७ मध्ये कायमचे मुंबईला आले. पुण्यात नोंदलेली बँक ऑफ महाराष्ट्र १९३६ मध्ये कामाला लागली. शाखा वाढल्या तशा रेकॉर्ड रूमही वाढल्या, आणि त्यांची घडण देशभर जवळपास सारखीच राहिली.

या खोलीतले काम आदल्या दिवशीच्या व्हाउचरांपासून सुरू होई. दिवस संपला की त्या दिवशीचे चेक, पैसे भरल्याच्या स्लिपा आणि जमा-नावेची व्हाउचरे विभागवार लावली जात: रोखीची वेगळी, क्लिअरिंगची वेगळी, ट्रान्सफरची वेगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अधिकारी ती पुस्तकांतल्या नोंदींशी ताडून पाही. मग दफ्तरी हा खास हुद्दा असलेला कर्मचारी गठ्ठ्याला दाभणाने भोके पाडून सुतळीने शिवण घाली, वर पुठ्ठा लावून तारीख आणि व्हाउचरांची संख्या लिही, आणि त्यावर अधिकाऱ्याची सही होई. एखादे व्हाउचर कशासाठी बाहेर काढावे लागलेच तर त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची आणि रजिस्टरात नोंद करायची. गठ्ठे महिन्यावार रचले जात आणि भरलेली लेजरे मांडण्यांवर उभी राहत, पाठीवर शाखेचे नाव आणि खात्यांचे क्रमांक. शाखा जुनी असेल तर खोली जिन्याखाली किंवा तळघरात, कारण रस्त्यालगतची जागा गिऱ्हाइकांसाठी. त्यामुळे दफ्तर नेमके तिथे जाई जिथे ओल सर्वांत आधी चढते. मुंबईच्या दमट हवेत कसर आणि वाळवी यांच्याशी झगडा कायमचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळघरात कागद ठेवण्याच्या सवयीची किंमत मुंबईला एका फटक्यात कळली.

आगीवर उपाय पाण्याच्या मानाने लवकर निघाला. गोदरेजने १९०२ पासून तिजोऱ्या बनवायला घेतल्या, आणि १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात तिच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत राहिल्याचे कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. पण तिजोरीत मावतात ते करारनामे आणि रोखे. व्हाउचरांच्या ढिगाला तिजोरी पुरत नाही. त्याच्यासाठी आधी लाकडी मांडण्या होत्या, मग लोखंडी रॅक आले, आणि जागेचे भाव चढले तसे रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर आले. कॉम्पॅक्टरमध्ये रॅकांमधल्या वाटा वाचतात. हवी ती ओळ चाक फिरवून उघडायची, बाकीच्या एकमेकींना चिकटून राहतात. भरलेल्या कॉम्पॅक्टरचे वजन प्रचंड असते, त्यामुळे जुन्या इमारतींत तो बसवण्याआधी जमिनीची ताकद तपासावी लागते.

ढीग कमी करण्याचा खरा मार्ग म्हणजे काय फेकायचे ते ठरवणे. याबाबत बँका फार काळ भीत होत्या, आणि भीतीपोटी सगळेच ठेवत होत्या. बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टच्या कलम ४५-वाय खाली १९८५ मध्ये नियम निघाले. काही रजिस्टरे किमान ५ वर्षे आणि लेजरांसह इतर महत्त्वाची पुस्तके किमान ८ वर्षे ठेवायची, असे त्यांत ठरले. मुदत संपलेल्या कागदांची यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची, त्यांचे तुकडे करायचे किंवा लगदा करण्यासाठी द्यायचे आणि नष्ट केल्याची नोंद मात्र कायम ठेवायची, हा रिवाज यातून पक्का झाला. पुढे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने व्यवहारांच्या नोंदी आधी १० वर्षे आणि नंतरच्या दुरुस्तीने ५ वर्षे ठेवायला लावल्या. ज्या खात्यावर दावा किंवा चौकशी चालू आहे त्याचा कागद मात्र कोणत्याही मुदतीत मोडत नाही.

मुदतीचा नियम हिशेबाला सोयीचा असला तरी इतिहासाला मारक आहे. ८ वर्षांनी लगद्यात जाणाऱ्या लेजरात गावच्या बाजारपेठेचा सगळा चढउतार असतो. या बाबतीत रिझर्व्ह बँकेने घेतलेला निर्णय दूरदृष्टीचा होता. तिच्या इतिहासाचा १९३५ ते १९५१ या काळाचा पहिला खंड १९७० मध्ये निघाला होता आणि पुढच्या खंडांसाठी जुन्या फायली हव्या होत्या. १९८१ मध्ये बँकेने पुण्यात, विद्यापीठ रस्त्यावरच्या कृषी बँकिंग महाविद्यालयाच्या आवारात, स्वतःचे अभिलेखागार सुरू केले. चालू कामातून निवृत्त झालेल्या, पण कायम जपायच्या फायली तेथे जमा होऊ लागल्या. चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या आणि त्यांच्या आगेमागच्या काळातली धोरणे अभ्यासायची तर असा साठा लागतोच. १९९३ च्या पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टने केंद्रीय खात्यांबरोबर वैधानिक संस्थांवर आणि सार्वजनिक उपक्रमांवरही जुने कागद पारखून ठेवण्याची जबाबदारी टाकली. स्टेट बँकेने कलकत्त्याला आपल्या पूर्वज बँकांच्या कागदांचे संग्रहालय केले, आणि अमिय कुमार बागची यांनी त्या बँकांचा बहुखंडी इतिहास लिहिला. खासगी आणि सहकारी बँकांपैकी फार थोड्यांनी असा विचार केला. महाराष्ट्राची सहकारी पतचळवळ देशात अग्रेसर असताना तिच्या जुन्या संस्थांची कितीतरी इतिवृत्ते आणि लेजरे रद्दीत गेली, ही खेदाची गोष्ट आहे.

कागद लहान करण्याचा पहिला यशस्वी प्रयोग बँकेच्या माणसानेच केला. न्यूयॉर्कमधले बँकर जॉर्ज मॅकार्थी यांनी वटलेल्या चेकांची लहान फिल्मवर छायाचित्रे घेणारे यंत्र बनवून १९२५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १९२८ मध्ये ईस्टमन कोडॅकने ते विकत घेऊन रेकॉर्डॅक या नावाने बाजारात आणले. मॅकार्थींना धास्ती होती ती चेक गहाळ होण्याची आणि बदलला जाण्याची. ग्रंथालये आणि अभिलेखागारे मायक्रोफिल्मकडे वळली ती या यंत्राच्या पाठोपाठ. चांगल्या हवेत ठेवलेली फिल्म शंभर वर्षांहून अधिक टिकते आणि वाचायला भिंग व दिवा पुरतो, या तिच्या गुणाला पुढच्या कोणत्याही साधनाला तोड देता आलेली नाही. भारतात ती मोठ्या संस्थांपुरती आणि अभिलेखागारांपुरती राहिली. इथे श्रम स्वस्त होते, फिल्म आयात करावी लागे आणि मूळ कागद फेकण्याची हिंमत नव्हती. मग दुहेरी खर्च कोण करणार?

दफ्तर मागे पडल्याने काय घडते ते १९९२ च्या रोखे घोटाळ्यात दिसले. सरकारी रोख्यांच्या मालकीच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात हाताने ठेवल्या जात. नोंद व्हायला वेळ लागे, आणि मधल्या काळात बँका एकमेकींना ‘बँक रिसीट’ नावाची पावती देत. रोखे हातात नसतानाही अशा पावत्या फिरल्या. चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने हा प्रकार तपशिलाने मांडला. संगणकीकृत दफ्तराने घोटाळा टळलाच असता असे म्हणता येणार नाही, परंतु पावतीवर भागवण्याची सबब तरी उरली नसती.

शेअरांचा कागदही त्याच सुमारास गळ्याशी आला होता. प्रत्येक सर्टिफिकेटावर कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचे शेअर त्याची नोंद. हस्तांतराचा फॉर्म वेगळा. सही जुळली नाही की कागद परत. गुंतवणूक संस्थांची सर्टिफिकेटे सांभाळण्यासाठी १९८६ मध्ये स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली, पण ढीग एका छपराखाली आणल्याने तो कमी झाला नाही. १९९६ चा डिपॉझिटरीज अ‍ॅक्ट आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मुंबईत सुरू झालेली, शेअरांची नोंद संगणकावर ठेवणारी एनएसडीएल ही डिपॉझिटरी यांनी प्रश्न मुळातच मिटवला. धारकाने सर्टिफिकेटावर ‘डीमॅटसाठी परत केले’ असे लिहायचे, मध्यस्थाने त्याला भोके पाडून ते निकामी करायचे आणि कंपनीच्या निबंधकाकडे पाठवायचे. त्याच्या बदल्यात खात्यावर आकडा येतो. इथे कायदा यंत्राच्या बरोबरीने चालला. नोंद हीच मालकी, असे कायद्यानेच म्हटल्यामुळे जुना कागद जपण्याचे कारण उरले नाही. १ एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांच्या शेअरांचे कागदी हस्तांतरही बंद झाले. दफ्तरे हलकी करण्याच्या सगळ्या प्रयत्नांत इतका निखळ यशस्वी दुसरा कोणताही झाला नाही.

बँकांच्या शाखांत मात्र संगणकाने सुरुवातीला कागद वाढवला. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला; १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे बसू लागली. आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात संगणकाला कर्मचाऱ्यांचा कडवा विरोध १९६० च्या दशकातच होऊन गेला होता, त्यामुळे बँका जपून पावले टाकत होत्या. यंत्रावर नोंद झाली तरी ती ‘बँकेचे पुस्तक’ आहे का, याचे स्वच्छ उत्तर १८९१ च्या कायद्यात नव्हते. म्हणून रोज संध्याकाळी भोकांच्या कडांचा लांबलचक कागद प्रिंटरमधून काढायचा, त्यावर सही करायची, तो बांधायचा आणि रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचा, असा दुहेरी कारभार वर्षानुवर्षे चालला. पूर्वी एक लेजर वर्षभर पुरे. आता प्रिंटआउटांचा गठ्ठा रोज वाढे.

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि त्याने १८९१ च्या कायद्यातली बँकेच्या पुस्तकांची व्याख्या बदलली. फ्लॉपी, डिस्क, टेप यांवर साठवलेली माहिती आणि तिचा प्रिंटआउट यांना पुस्तकाचा दर्जा मिळाला. नव्या कलम २-ए ने त्याबरोबर दाखलाही मागितला, आणि हा दाखला जुन्या दाखल्यापेक्षा कितीतरी खोलात शिरतो. माहिती फक्त अधिकृत माणसेच भरतील याची काय तजवीज आहे, अनधिकृत बदल कसा पकडला जातो, यंत्रणा बंद पडून हरवलेली माहिती परत कशी मिळवतात, ती टेपवर कशी उतरवतात, त्या टेपांना खूण कशी करतात आणि त्या कोणाच्या ताब्यात कुठे असतात, हे सगळे संगणकयंत्रणेच्या प्रमुखाने लिहून द्यायचे. साठवणीची व्यवस्था अशी पुराव्याचाच भाग झाली. ढिसाळ साठवण म्हणजे कमजोर पुरावा, हे सूत्र कायद्यात आले.

दाखल्याचा हा आग्रह पुढे अधिकच कडक झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी खालचा दाखला आवश्यक ठरवला. त्यानंतर मतमतांतरे झाली, आणि २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ चेच मत कायम केले. वाद जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा, पुरावा निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. पण निकालाचा परिणाम बँकांच्या वसुली दाव्यांवरही झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात तर फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. लेजरचे पान काढले तर शिवण उसवलेली दिसे, ते काम आता हा आकडा करतो.

चेकच्या बाबतीत २००२ च्या दुरुस्तीने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये चेकच्या प्रतिमेला मान्यता मिळाली. १ फेब्रुवारी २००८ रोजी दिल्लीत चेक ट्रंकेशनचा प्रयोग सुरू झाला, २०११ मध्ये चेन्नईला आणि २०१३ मध्ये मुंबईला तो आला. चेक जिथे भरला त्या बँकेतच तो थांबतो. पुढे जातात त्याच्या तीन प्रतिमा: दर्शनी बाजूची करड्या छटांतली, तीच काळ्या-पांढऱ्यात, आणि मागच्या बाजूची काळ्या-पांढऱ्यात. क्लिअरिंग हाउसकडे जाणाऱ्या पोत्यांची ने-आण थांबली. पण मूळ चेक १० वर्षे जपायची जबाबदारी भरणा घेणाऱ्या बँकेवर आली, म्हणजे साठवण नाहीशी झाली नाही, एका बँकेकडून दुसरीकडे सरकली.

जुने दफ्तर स्कॅन करणे हे अलीकडच्या सुधारणांचे नेहमीचे रूप आहे. आयुर्विमा महामंडळ त्याचे मोठे उदाहरण. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र होऊन ते बनले, आणि प्रत्येक पॉलिसीचे डॉकेट, म्हणजे प्रस्तावाचा फॉर्म, वैद्यकीय अहवाल आणि वयाचा दाखला यांची जुडी, पॉलिसी संपेपर्यंत शाखेत राही. अशा डॉकेटांचे स्कॅनिंग करताना आधी टाचण्या आणि स्टेपल काढावे लागतात, दुमडलेले कोपरे सरळ करावे लागतात, गठ्ठ्याला बारकोड लावावा लागतो आणि मग पाने यंत्रातून जातात. यंत्राचे काम झटपट होते. वेळ आणि पैसा खातो तो सूचीचा भाग: प्रत्येक प्रतिमेला पॉलिसी किंवा खाते क्रमांक, नाव, तारीख, कागदाचा प्रकार जोडणे आणि दुसऱ्या माणसाकडून ते तपासून घेणे. खर्च वाचवायला इथेच काटछाट होते, आणि तिथेच योजना फसते. चुकीच्या क्रमांकाखाली साठवलेली प्रतिमा हरवलेल्या कागदापेक्षा वाईट, कारण कागद कधीतरी कोणाच्या तरी नजरेला पडतो. स्कॅन झालेले मूळ कागद खोक्यांत भरून शहराबाहेरच्या गोदामांत जातात. मुंबईच्या संस्थांच्या बाबतीत ते बहुधा भिवंडी किंवा नवी मुंबईकडे.

डिजिटल साठ्यालाही म्हातारपण येते, आणि कागदापेक्षा लवकर. २००० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या एलटीओ टेपवर १०० गिगाबाइट मावत, २०२१ च्या नवव्या पिढीच्या टेपवर १८ टेराबाइट मावतात. पण नवव्या पिढीचे यंत्र पहिल्या पिढीची टेप वाचत नाही. त्यामुळे काही वर्षांनी सगळा साठा नव्या माध्यमावर उतरवणे भागच पडते. फाइलचा साचाही टिकाऊ हवा, म्हणून दीर्घकाळ जपायच्या कागदांसाठी २००५ मध्ये पीडीएफ/ए हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. जागेचा प्रश्नही नव्या रूपात परत आला. मुख्य केंद्र मुंबईत तर दुसरे दूरच्या शहरात, जेणेकरून एकाच पुरात किंवा भूकंपात दोन्ही सापडणार नाहीत, अशी रचना बँका करतात. पेमेंटच्या व्यवहारांची सर्व माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला.

एक कागद मात्र या सगळ्यातून सुटलेला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८(एफ) नुसार घराची किंवा जमिनीची मूळ कागदपत्रे सावकाराच्या हवाली केली की गहाण होते. इथे मूळ कागद ताब्यात असणे हीच तारणाची शक्ती आहे. त्याच्या कितीही स्वच्छ प्रतिमेला ती येत नाही. त्यामुळे गृहकर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेला आजही अग्निरोधक खोल्या आणि नोंदवह्या ठेवाव्या लागतात, आणि कर्ज फिटल्यावर ‘कागद सापडत नाहीत’ हे उत्तर ऐकावे लागणारे कर्जदार आजही आहेत. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने त्यावर किंमत लावली. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. कागद हरवले किंवा खराब झाले असतील तर नकला मिळवून देण्याचा खर्च संस्थेने सोसायचा आणि त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून कागद परत द्यायची वेळ येणाऱ्या सर्व प्रकरणांना लागू आहे.